पन्हळीवरचे ओघळ

वाचकहो, गेल्या अंकात आम्ही गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला गाळ कसा काढावा ते लिहिले होते. त्यावर तीन-चार फोन आले. एकाने कौतुक केले, एकाने टाकीची साइज विचारली आणि एका वहिनींनी विचारले, "भाऊजी, टाकीचं झालं. पण छपराच्या कडेला ते काळे ओघळ आलेत, ते कोण काढणार?" प्रश्न रास्त होता. उत्तरही आमच्याकडे होते. पण ते द्यायचे म्हणजे आमची एक लाजिरवाणी गोष्ट सांगावी लागणार, म्हणून आम्ही "बघू, बघू" करत वेळ काढला. आता संपादकांचा तगादा आला आहे, तेव्हा सांगून टाकतो.

अर्दियातले आमचे घर म्हणजे अर्थातच आमचे नव्हे. खाली घरमालकांचे कुटुंब, वर आम्ही. सगळी गल्ली त्यांना हाजी म्हणते, आम्हीही हाजीच म्हणतो आणि ते आम्हाला 'मुहंदिस' म्हणतात, म्हणजे इंजिनिअर. घर जुन्या पद्धतीचे, दुमजली. बाहेरून पांढऱ्या वाळू-चुन्याच्या विटा, माथ्यावर सपाट गच्ची आणि गच्चीच्या कठड्याबाहेर शोभेसाठी लाल कौलांची उतरती पट्टी. त्या पट्टीखाली पांढऱ्या रंगाची ॲल्युमिनियमची पन्हळ. जमिनीपासून उंची साडेसात मीटर, म्हणजे जवळजवळ पंचवीस फूट. हा आकडा लक्षात ठेवा.

पन्हळ हा शब्द आमच्या चिरंजीवांना ठाऊक नव्हता. कसा असणार? आमच्या देवरुखच्या घराला मंगलोरी कौले आणि कडेला पत्र्याची पन्हळ होती, मागच्या पडवीला तर उभी चिरलेली पोफळ लावलेली. पागोळ्या गळायला लागल्या की आजी त्याखाली हंडे मांडायची. कुवैतमध्ये वर्षाला सरासरी जेमतेम शंभर-सव्वाशे मिलिमीटर पाऊस, आणि तोही बहुतेक नोव्हेंबर ते एप्रिल या काळात. एवढा पाऊस देवरुखला आषाढात एखाद्या दिवसात पडून जातो. मग इथे पन्हळ हवी कशाला, असे आम्हालाही वाटायचे.

पण जुने कुवैती लोक आपल्या आजीसारखेच होते. मातीच्या घरांच्या धाब्याला लाकडी पन्हळी असत, त्यांना इथे 'मर्झाम' म्हणतात. पावसाचे पाणी मर्झाममधून अंगणातल्या हौदात घ्यायचे. गोडे पाणी शत्त-अल-अरबमधून गलबतांनी आणावे लागे, त्यामुळे आभाळातून फुकट पडणारे पाणी कोण सोडणार? १९५३ साली शुवैखला समुद्राचे पाणी गोडे करण्याचा मोठा कारखाना सुरू झाला आणि मर्झामची गरज संपली. पुढे २०१८ च्या नोव्हेंबरात असा पाऊस झाला की रस्ते उखडले, विमानतळ बंद ठेवावा लागला आणि सार्वजनिक बांधकाम मंत्र्यांनी राजीनामा दिला. तेव्हा हाजींच्या दिवाणखान्यात पाणी शिरले. त्यानंतर त्यांनी ही पन्हळ बसवून घेतली.

पन्हळ आली आणि मागोमाग ओघळ आले. कारण साधे आहे. उन्हाळाभर 'तोझ' येतो. आपण त्याला धूळ म्हणतो, पण तो शब्द अपुरा आहे, तोझ म्हणजे चाळलेल्या मैद्यासारखी वाळू. ती गच्चीवर, कौलांवर, पन्हळीत साठते. मग ऑक्टोबरात 'वस्म' सुरू झाले की पहिल्या चार थेंबांत त्या सगळ्याचा चिखल होतो. पन्हळीत गाळ असला की पाणी नळाकडे न जाता पुढच्या काठावरून उतू जाते. आणि पाण्याचा एक वाईट गुण म्हणजे ते काठावरून सरळ खाली पडत नाही. पातळ थर होऊन पृष्ठभागाला चिकटत, रांगत खाली येते. ते वाळले की मागे रेघ राहते. दुसरा पाऊस त्याच रेघेवरून जातो. दोन-तीन वर्षांत ही धूळ, गाड्यांच्या धुराची काजळी आणि उन्हाने भुकटी झालेला रंग यांची अशी गट्टी जमते की नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने ती हलत नाही.

मागच्या वर्षीच्या ऑक्टोबरात हाजींच्या मुलीचे लग्न ठरले. एका संध्याकाळी त्यांनी आम्हाला अंगणात बोलावून वर बोट दाखवले. "मुहंदिस, शिनो हाधा?" (हे काय आहे?) पांढऱ्याशुभ्र पन्हळीवर वाघाच्या अंगासारखे पट्टे. आम्ही ऐटीत म्हटलं, "शुक्रवारी साफ करून देतो."

इथून पुढे लाज आहे.

आमची नोकरी अशी की कंपनीत आमच्या सहीशिवाय सहा फुटांच्या वर माणूस चढत नाही. हार्नेस, हेल्मेट, परमिट, खाली उभा राहणारा माणूस, सगळे तपासून मग सही. परदेशात मास्टर्स करताना आम्ही या विषयाचा एक पेपरही दिला होता. आणि शुक्रवारी सकाळी आम्ही काय केले? शेजारच्या बांधकामावरून ॲल्युमिनियमची दोन तुकड्यांची शिडी मागून आणली आणि हारिसला हाक मारली.

हारिस म्हणजे इमारतीचा राखणदार. आमचा हारिस आंध्रातल्या कडप्पा जिल्ह्यातला, वय असेल पस्तीस. कचरा, अंगण, पाण्याची मोटार हे त्याचे काम आणि पहाटे गल्लीतल्या आठ गाड्या धुणे ही त्याची वरकमाई. आम्ही म्हटलं, "तीन दिनार देतो." तो म्हणाला, "साब, मैं चढ जाता, आप निचे पकडो." पायात रबरी चप्पल, एका हातात बादली.

भिंतीलगत हाजींच्या फुलझाडांचा वाफा आहे, त्यामुळे शिडीचा पाय भिंतीपासून जवळजवळ तीन मीटर लांब ठेवावा लागला. शिडीचा नियम चारास एक असा आहे: शिडी जिथे टेकते ती उंची चार मीटर असेल तर पाय एक मीटर बाहेर. सात मीटर उंचीला पावणेदोन मीटर. पाय त्याहून लांब गेला की शिडी आडवी होते आणि चढणाऱ्याचे वजन तिचा पाय बाहेर ढकलू लागते. त्यात खाली गुळगुळीत फरशी, फरशीवर वरून गळणारे साबणाचे पाणी. आणि शिडीचे डोके टेकवले होते खुद्द पन्हळीवर, जी काही माणसाचे वजन पेलायला केलेली नसते. यातली प्रत्येक चूक आम्ही दुसऱ्याच्या परमिटवर लाल पेनाने खोडली असती.

आम्ही शिडी धरून उभे होतो. तेवढ्यात सौ.नी खिडकीतून चहाला हाक मारली आणि आम्ही एक हात सोडून वर पाहिले. खरे सांगायचे तर दोन्ही हातांनी धरली असती तरी ती शिडी थांबली नसती. पण हे आम्ही नंतर कागदावर हिशेब करून स्वतःला सांगितले, त्या क्षणी नव्हे. त्या क्षणी फक्त फरशीवर धातू घासल्याचा आवाज आला. हारिसने पन्हळ पकडली, पन्हळ वाकली, शिडी भिंतीवरून घसरत खाली आली. नशीब एवढेच की तो तेव्हा बादली बदलायला उतरत होता, पाय जमिनीपासून नऊ-दहा फुटांवर होते. उजवे मनगट मोडले, टाच सुजली. वर असता तर? सहा मीटरवरून माणूस एक सेकंद आणि थोडे वर एवढ्या वेळात जमिनीवर येतो, ताशी एकोणचाळीस किलोमीटर वेगाने. "सांभाळ" हा शब्दही तोंडातून पुरा बाहेर पडत नाही.

प्लास्टर सहा आठवड्यांचे होते. दवाखान्यातून परतताना गाडीत तो एकच वाक्य बोलला. "साब, घर पे मत बोलना." दर शुक्रवारी तो बायको-मुलींशी व्हिडिओवर बोलतो. त्या सहा आठवड्यांत तो फोन डाव्या हातात धरायचा आणि चेहऱ्याच्या खालचे काही दिसू द्यायचा नाही. उजव्या हाताला काय झाले हे आजही कडप्पाला कोणाला ठाऊक नाही. आम्ही तीन दिनार दिले. ते देताना हात इतका जड झाला की पाकिटातले बाकीचेही काढून दिले. त्याने मोजून तीन ठेवून घेतले.

मग सौ. म्हणाल्या, "त्याच्या आठ गाड्या कोण धुणार? दुसऱ्या कोणी धरल्या तर परत मिळणार नाहीत." मुद्दा बिनतोड होता. सहा आठवडे आम्ही आणि चिरंजीव पहाटे साडेचारला उठून गल्लीतल्या गाड्या धुतल्या आणि कचरा नेला. एका पहाटे विमानतळाकडे निघालेल्या मंडळाच्या एका सदस्याने आम्हाला बादलीसह पाहिले आणि गाडी हळू करून हलक्या आवाजात विचारले, "नोकरीचं काही...?" आम्ही म्हटलं, "व्यायाम."

असो. पट्टे तसेच होते, लग्न जवळ आले होते आणि शिडी आता घरात येणार नव्हती. तेव्हा आठवला झेला. आंबे काढायची बांबूची काठी, तिच्या टोकाला जाळी. आमचे वडील पावसाने झाड ओले झाले की कोणालाही चढू देत नसत, जमिनीवर उभे राहून झेल्याने जेवढे उतरतील तेवढे उतरवायचे, उरलेले पाखरांचे. इथे झेल्याच्या जागी लांबत जाणारी काठी घ्यायची. खिडक्या धुणाऱ्यांसाठी मिळते, सहा मीटरची. माणूस हात वर करून धरतो तेव्हा ब्रश साडेसात मीटरला सहज पोचतो. ॲल्युमिनियमची घेऊ नका, फायबरग्लासची घ्या. गच्चीवरून कुठे कुठली वायर लोंबते ते खालून दिसत नाही.

दुसरी वस्तू म्हणजे फवारणीचा हातपंप, लांब नळीचा. आपल्याकडे आंब्याच्या मोहोरावर मारतात तसाच.

आता कामाआधी पट्ट्यांचा रंग पाहा, कारण सगळे ओघळ एका जातीचे नसतात. काळे-करडे असतील तर धूळ आणि काजळी, त्यांना साबण पुरतो. तपकिरी असतील तर वर कुठेतरी लोखंडी क्लँप किंवा एसीचा स्टँड गंजतो आहे. तो बदलल्याशिवाय धुण्यात अर्थ नाही, महिन्यात परत येतील. आणि पांढरे असतील तर ते मिठाचे. कुवैतमध्ये पुष्कळ घरांना दोन पाण्याच्या लायनी असतात, एक गोडी आणि एक मचूळ. मचूळ पाणी जमिनीतून येते, बागेसाठी आणि अंगण धुण्यासाठी. लोक त्याला सुलैबियाचे पाणी म्हणतात. त्या पाण्याने भिंत धुतली की ओली असताना झकास दिसते आणि दुपारी पांढऱ्या रेघा उमटतात. आम्ही ही चूक अंगणातल्या शेडवर आधीच करून बसलो होतो. सुरुवातीला मचूळ वापरलेत तरी शेवटचा हात गोड्या पाण्याचाच हवा.

ॲसिडच्या वाटेला जाऊ नका. आमच्या एका मित्राने संडास साफ करायचे ॲसिड मारून भिंतीवरचे डाग काढले. डाग गेले, विटाही गेल्या, म्हणजे त्यांचा गुळगुळीतपणा. वाळू-चुन्याच्या विटेतला चुना ॲसिड खाते आणि ॲल्युमिनियमवरचा रंगही उडवते. त्यानंतर त्या खरखरीत जागी धूळ दुप्पट बसते. आणि "ॲसिडने गेलं नाही, थोडं क्लोरॉक्स घालून बघू" असे तर स्वप्नातही म्हणू नका. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो. तारेची घासणीही नको.

आम्ही दहा लिटर कोमट पाण्यात तीन चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण घेतला, एवढेच. आधी खालच्या कोपऱ्यात हातभर जागेवर करून पाहिले. पन्हळ पश्चिमेकडची, म्हणून काम सकाळी, सावलीत. तापलेल्या पत्र्यावर साबण वाळला की त्याचेच नवीन पट्टे होतात. वारा असेल त्या दिवशी काठी हातात घेऊ नका, सहा मीटरवर तिचे डोके डुलते आणि माणसाला ओढत नेते.

क्रम महत्त्वाचा आहे आणि थोडा उलटा वाटेल. आधी पन्हळीखालची भिंत साध्या पाण्याने ओली करायची. मग साबण पन्हळीच्या खालच्या कडेपासून वर मारत जायचा. वरून सुरुवात केली तर घाण पाणी कोरड्या भागावरून उतरते आणि जिथे जिथे उतरते तिथे रेघ ओढते, ती मग जाता जात नाही. साबण तीन-चार मिनिटे मुरू द्यायचा, पण वाळू द्यायचा नाही, मग मऊ ब्रशने हलके आडवे हात. धुताना मात्र वरून खाली. एका वेळी दोन मीटरच लांबी घ्यायची. काठी आधी भिंतीला टेकवून उभी करायची आणि मग लांबवायची, लांबवलेली काठी आडवी उचलायला गेलात तर पाठ धराल. बरोबर खाली उभे राहायचे नाही, भिंतीपासून दोन पावले मागे, डोळ्यांवर चष्मा. दर पाच मिनिटांनी मान खाली. चाळिशीनंतर मानेला विचारूनच कामे करावी लागतात. पोरे, गाड्या आणि हाजींचे मांजर बाजूला.

प्रेशर वॉशर का नको, असे चिरंजीवांनी विचारले. जमिनीवरून त्याचा जोर तिथवर पोचत नाही, आणि जवळ न्यायचे तर शिडी आली. शिडीवर उभे राहून तो झटका देणारा पाइप धरणे म्हणजे आधीच्या शुक्रवारची सुधारित आवृत्ती. शिवाय कौलांच्या सांध्यांत पाणी घुसते ते वेगळेच. आणखी कोणी म्हणेल की हार्नेस बांधून चढू. हार्नेस बांधणार कशाला? अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे तो ज्या ठिकाणी अडकवायचा ती जागा एका माणसामागे पाच हजार पौंडांचा ताण सोसणारी हवी. डिश अँटेनाचा खांब ती जागा नव्हे.

काठीने होत नाही अशा दोन गोष्टी आहेत. एक, पन्हळीच्या आतला गाळ. तो गच्चीवरून कठड्यावर ओणवे होऊन काढायचा मोह होतो, तो आवरा. दुसरी, पन्हळीचा उतार. दहा फुटांना पाव ते अर्धा इंच उतार नळाकडे हवा, नाही तर पाणी मध्येच तुंबून काठावरून येत राहणार आणि आपण जन्मभर पट्टे पुसत राहणार. आमची पन्हळ तर वाकलेलीच होती. हाजींनी पाळण्याची गाडी मागवली. तिच्यावरच्या माणसाने पट्टा लावलेला आहे ना, हे आम्ही खाली उभे राहून पाहिले. त्याने गाळ काढला, वाकलेले सरळ केले, उतार जुळवला. पैसे निम्मे आम्ही देतो म्हटलं, हाजींनी घेतले नाहीत. ते म्हणाले, पन्हळ माझी आहे. मग जरा थांबून म्हणाले, माणूसही माझाच होता, तुम्ही दोघांनी मला विचारायला हवे होते. यावर आम्ही काही बोललो नाही.

लग्नाच्या आदल्या शुक्रवारी सकाळी सातला आम्ही काठी घेऊन अंगणात उतरलो. पंप चिरंजीवांकडे, बादल्या सौ.कडे. हारिस प्लास्टर मांडीवर ठेवून प्लास्टिकच्या खुर्चीत बसला होता, खुर्ची त्यानेच सांगून वाफ्यापलीकडे ठेवून घेतली. पहिले दोन मीटर आम्हाला वीस मिनिटे लागली, शेवटचे सहा मिनिटे. साडेनऊला उन्हाची तिरीप कौलांवर आली तेव्हा आम्ही काठी मिटवली आणि मान चोळत मागे सरकलो. पन्हळ पांढरी दिसत होती. चिरंजीवांनी पंप खाली ठेवला.

खुर्चीतून आवाज आला, "साब, उधर पाइप के बाजू में एक लाइन रह गया."

आम्ही काठी परत लांबवली.